प्रतिमा-संपादन हेही पाठसंपादनच

जुन्या मासिकाचे पान, मोडीतला कागद किंवा पोथीचे पत्र स्कॅन होऊन संगणकावर आले, की पुढचे काम साफसफाईचे असते. पिवळेपणा कमी करायचा, तिरके पान सरळ करायचे, मागच्या बाजूची शाई पुढे उमटली असेल तर ती फिकी करायची, कडा कापायच्या. हे सारे कशात करावे, असा प्रश्न आता मराठीच्या विभागांतून वरचेवर विचारला जातो. संगणकावर रीतसर टाकून घेतलेल्या सॉफ्टवेअरमध्ये, की ब्राउझर उघडताच हजर होणाऱ्या वेब अ‍ॅपमध्ये? बहुतेक ठिकाणी ‘कॉम्प्युटरमधले कळते’ अशी ख्याती असलेल्या एखाद्या विद्यार्थ्याकडे हा प्रश्न सोपवून अध्यापक मोकळे होतात. आम्ही मराठीचे अध्यापक आहोत, संगणकशास्त्राचे नव्हे. तरीही, किंबहुना म्हणूनच, हा प्रश्न आमच्या कक्षेतला आहे असे आम्ही मानतो. पानाची प्रतिमा सुधारणे हे पाठसंपादनाचेच एक अंग आहे आणि साधनाची निवडही त्याच कसोटीवर व्हायला हवी.

आमच्या जिल्ह्यापुरते बोलायचे, तर ही गोष्ट केवळ तात्त्विक नाही. अहमदनगर, म्हणजे २०२४ पासूनचे अहिल्यानगर, हा कागदपत्रांनी समृद्ध असा प्रदेश आहे. शके १२१२ मध्ये ज्ञानेश्वरी सिद्ध झाली ती नेवाशात. अमेरिकन मराठी मिशनचे ‘ज्ञानोदय’ १८४२ साली सुरू झाले ते नगरात. नगरच्या ऐतिहासिक वस्तुसंग्रहालयात मोडी कागद आणि हस्तलिखिते आहेत. याखेरीज गावोगावच्या वाड्यांतून, देवस्थानांतून आणि जुन्या घरांच्या माळ्यांवर रुमालात बांधलेली दप्तरे पडून असतात. यांतले बरेचसे साहित्य यापुढे अभ्यासकांच्या हाती मूळ रूपात येणार नाही, प्रतिमेच्या रूपात येईल. कागदाला वाळवी लागते, वारसांच्या वाटण्यांत दप्तर रद्दीत जाते. म्हणजे आज आपण जी प्रतिमा ‘साफ’ करून ठेवू, तीच उद्याची एकमेव प्रत ठरण्याची शक्यता आहे. ‘मूळ कागद आहेच की’ असे म्हणून निश्चिंत राहण्याची सोय मराठी वाङ्मयाच्या अभ्यासकाला तरी नाही. ज्ञानेश्वरीची नेवाशातली पहिली प्रत आज कुठे आहे?

साफसफाईत पाठ बदलतो म्हणजे नेमके काय होते, हे एका लहानशा खुणेवरून समजून घेता येईल. ती खूण म्हणजे अनुस्वार. मराठी साहित्य महामंडळाच्या १९६२ च्या शुद्धलेखन-नियमांनी अनुच्चारित अनुस्वारांना रजा दिली. त्यापूर्वीच्या छापील मराठीत ते पानोपानी आढळतात, आणि ते शोभेचे नसतात. ‘तें आलें’ म्हणजे नपुंसकलिंगी एकवचन. त्यातले दोन ठिपके पुसले, की उरते ‘ते आले’, म्हणजे पुल्लिंगी अनेकवचन किंवा आदरार्थी बहुवचन. लिंग बदलले, वचन बदलले, वाक्याचा कर्ताच बदलला. आता ३०० डीपीआयच्या स्कॅनमध्ये अर्ध्या मिलिमीटरचा ठिपका किती मोठा असतो? जेमतेम सहा पिक्सेल. कागदावरच्या धुळीचा, बुरशीचा किंवा शिळाप्रेसच्या शाईचा शिंतोडाही तेवढाच असतो. ‘डाग काढा’ असे बटण दाबले, की यंत्राला या दोहोंतला फरक कळत नाही. ते धुळीबरोबर अनुस्वारही झाडून काढते, किंवा अनुस्वाराबरोबर धूळही राखते. राखाडी छटा काढून टाकून पान निव्वळ काळे-पांढरे केले, तर धोका आणखी वाढतो. झिजलेल्या खिळ्यांची फिकी वेलांटी, मोडीतल्या बोरूची बारीक रेघ, पुसट झालेला काना या गोष्टी छटांमध्येच जिवंत असतात. छटा गेल्या की त्याही गेल्या, आणि वर पान मात्र पूर्वीपेक्षा स्वच्छ दिसू लागते.

यंत्र हे निष्काळजी लेखनिकासारखे वागू शकते, याचा एक सुप्रसिद्ध दाखला आहे. २०१३ साली डेव्हिड क्रीझेल या जर्मन संगणकतज्ज्ञाच्या लक्षात आले, की झेरॉक्स कंपनीच्या काही यंत्रांतून स्कॅन केलेल्या इमारतीच्या नकाशात खोल्यांच्या क्षेत्रफळाचे आकडेच बदलले आहेत. फाईल लहान करण्यासाठी ते यंत्र पानावरचे सारखे दिसणारे तुकडे शोधी, एकच तुकडा साठवी आणि तोच ठिकठिकाणी चिकटवी. त्यात ६ च्या जागी ८ जाऊन बसत असे. अक्षर अस्पष्ट झाले असते, तर वाचणारा थबकला असता. येथे चुकीचे अक्षर स्वच्छ आणि ठसठशीत उमटत होते, म्हणून ते कुणाला खटकले नाही. पाठचिकित्सेच्या विद्यार्थ्याला हा प्रकार ओळखीचा वाटेल. न लागलेला शब्द जसाच्या तसा उतरवणारा नकलाकार परवडतो. न लागलेल्या शब्दाच्या जागी आपल्या समजुतीचा शब्द सुबक अक्षरात लिहिणारा नकलाकार पोथी बिघडवतो.

आता कृत्रिम बुद्धिमत्तेच्या आधाराने चालणाऱ्या ‘प्रतिमा सुधारा’ छापाच्या सोयी आल्या आहेत. त्या याच जातीच्या, पण कितीतरी अधिक वाकबगार. फाटलेला कोपरा त्या भरून देतात, पुसट अक्षर उठावदार करतात. परंतु फाटलेल्या कोपऱ्यात काय होते हे त्यांना ठाऊक नसते. तेथे काय असणे संभवते, एवढाच अंदाज त्या बांधतात. जुन्या कुटुंबचित्रातल्या आजोबांच्या कोटाची बाही अशा अंदाजाने भरली, तर फारसे बिघडत नाही. मोडी कागदावरचा आकडा किंवा नाव त्या अंदाजाने भरले, तर त्याला आपल्या शास्त्रात प्रक्षेप हा शब्द आहे. एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीच्या प्रती ताडून पाठ शुद्ध केला आणि यापुढे त्यात कुणी आपली भर घालू नये, असा इशारा शेवटी दिला. आपल्या शेजारच्या पैठणला झालेले ते काम चारशे वर्षांनंतरही आपण पाठसंपादनाचा आरंभबिंदू म्हणून शिकवतो. त्या वर्गातून उठून आल्यावर, काय भरले आणि काय पुसले हे न सांगणारे बटण आपण डोळे मिटून दाबावे, हे विसंगत नव्हे काय?

या कसोटीवर पाहता जुन्या कागदांच्या कामासाठी संगणकावर टाकलेले सॉफ्टवेअर आम्हांला अधिक विश्वासार्ह वाटते. कारण चार आहेत. पहिले, त्यात बदल टप्प्याटप्प्याने आणि मोजून करता येतो. डाग काढण्याचा फिल्टर किती पिक्सेलांपर्यंतच्या ठिपक्यांवर चालवायचा, हे वापरणारा ठरवतो. दुसरे, लेयरची सोय. मूळ स्कॅन तळाशी तसाच ठेवून प्रत्येक दुरुस्ती वरच्या थरात करता येते आणि हवे तेव्हा थर बाजूला सारून खालचा पाठ पाहता येतो. गिंप हे मुक्त सॉफ्टवेअर १९९५ साली बर्कलीच्या दोन विद्यार्थ्यांनी लिहायला घेतले. मार्च २०२५ मध्ये आलेल्या त्याच्या ३.० या आवृत्तीत तर फिल्टरही प्रतिमेत कायमचा न मुरवता वर ठेवता येतो आणि नंतर बदलता किंवा काढता येतो. चिकित्सक आवृत्तीच्या तळटीपांत पाठभेद नोंदवतात, त्याच्याशी याचे नाते आहे. तिसरे, फाईल आपल्याच संगणकावर राहते. चौथे कारण निव्वळ हिशोबाचे आहे. ए-४ आकाराचे रंगीत पान ३०० डीपीआयने स्कॅन करून दाबल्याविना ठेवले, तर ते सुमारे २६ एमबी होते. दोनशे पानांचा एक जुना अंक म्हणजे पाच जीबींहून अधिक. दर सेकंदाला दोन मेगाबिट वेगाने तो वर चढवायचा म्हटले, तर जवळजवळ सहा तास लागतात, तेही मध्ये वीज गेली नाही तर. पाने लहान करून चढवावीत, तर वर सांगितलेला सहा पिक्सेलांचा अनुस्वार दोन-तीन पिक्सेलांवर येतो.

वेब अ‍ॅपचा पक्षही तितक्याच गंभीरपणे मांडला पाहिजे. अकोले, पाथर्डी किंवा जामखेड तालुक्यातून येणाऱ्या आमच्या कित्येक विद्यार्थ्यांच्या घरी संगणक नाही. हातात मोबाईल आहे. त्यांच्यासाठी प्रतिमा-संपादनाचे दार उघडले ते वेब अ‍ॅपने आणि मोबाईलवरच्या अ‍ॅपने. कविसंमेलनाचे निमंत्रण, भित्तिपत्रक, मराठी भाषा गौरव दिनाचा फलक हे पूर्वी डीटीपीवाल्याच्या सवडीवर अवलंबून असे. आता वर्गातली मुलगी दुपारच्या सुट्टीत ते करते आणि चांगले करते. कॅनव्हासारख्या, २०१३ साली ऑस्ट्रेलियात निघालेल्या सेवेचे हे श्रेय नाकारता येणार नाही. देवनागरीच्या बाबतीत तर डेस्कटॉप सॉफ्टवेअरने आपल्याला दीर्घकाळ छळले आहे. फोटोशॉपच्या जुन्या आवृत्त्यांत युनिकोड मराठी टाकली, की ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या पुढे जाऊन बसे आणि जोडाक्षरांचे पाय मोडत. म्हणून महाराष्ट्रभरच्या डीटीपी केंद्रांनी आपापल्या खासगी संकेतांचे फाँट वापरले. ब्राउझरने मात्र युनिकोड देवनागरी लवकर आत्मसात केली आणि मुंबईच्या एक टाइपने केलेले ‘मुक्त’ आणि ‘बलू’ यांसारखे फाँट कुणालाही विनामूल्य मिळू लागले. तेव्हा ‘वेब अ‍ॅप म्हणजे उथळ आणि डेस्कटॉप म्हणजे भारदस्त’ अशी विभागणी करणे अन्यायाचे होईल. संगणकाच्या प्रयोगशाळेत बसायला मिळते त्यानेच संपादन करावे, असा त्याचा अर्थ निघेल, आणि तो आम्हांला मान्य नाही.

प्रश्न राहतो टिकाऊपणाचा. पिकनिक नावाचे ब्राउझरमध्ये चालणारे प्रतिमा-संपादक एके काळी फार लोकप्रिय होते. गूगलने ते २०१० मध्ये विकत घेतले आणि २०१२ मध्ये बंद केले. एव्हिअरी अडोबीने २०१४ मध्ये घेतले आणि २०१८ मध्ये तेही थांबले. डिसेंबर २०२० अखेर फ्लॅशचा आधार काढून घेतला गेला आणि त्यावर उभी असलेली जुनी संपादन-अ‍ॅपे एकदमच निकालात निघाली. परक्याच्या ओसरीवर मांडलेला संसार मालकाने दार लावले की उठवावा लागतो. जुन्या संगणकांमुळेही वेब अ‍ॅपची वाट अडते. विंडोज ७ वर क्रोम ब्राउझरच्या नव्या आवृत्त्या २०२३ पासून मिळत नाहीत; त्याच संगणकावर गिंपची २.१० मालिका मात्र चालते. अनेक महाविद्यालयांच्या प्रयोगशाळांची स्थिती ज्यांना माहीत आहे, त्यांना या तपशिलाचे मोल वेगळे सांगायला नको.

परंतु डेस्कटॉपलाही अमरपट्टा नाही. महाराष्ट्रातली असंख्य वार्षिके, दिवाळी अंक आणि पुस्तके पेजमेकरमध्ये जुळवली गेली. त्याची शेवटची, म्हणजे ७.० ही आवृत्ती २००१ सालची. पेजमेकरच्या फाईली इनडिझाईनमध्ये उघडण्याची सोय सीएस ६ पर्यंत होती, नंतरच्या आवृत्त्यांत ती राहिली नाही. त्यात फाँटही खासगी संकेतांचे. म्हणजे फाईल आपल्या कपाटातल्या सीडीवर सुखरूप असूनही तिच्यातला मजकूर सहजी वाचता येत नाही. फोटोशॉपचेही तसेच. अडोबीने २०१३ पासून भाड्याची पद्धत आणली. सॉफ्टवेअर आपल्या संगणकावर असते, पण त्याची किल्ली खात्याच्या रूपाने कंपनीकडे राहते. २०१९ च्या ऑक्टोबरात अमेरिकी निर्बंधांमुळे व्हेनेझुएलातील सगळी खाती बंद करण्याची घोषणा अडोबीने केली. पुढे अमेरिकी सरकारचा परवाना मिळाल्यावर ती मागे घेतली गेली. पण एका देशातले सारे चित्रकार आणि संपादक आपल्याच संगणकावरच्या साधनाला मुकू शकतात, हे त्यातून सर्वांना दिसले. उलट बाजूने पाहावे, तर फोटोपी हे वेब अ‍ॅप ब्राउझरमध्ये चालते, पण प्रतिमेवरची प्रक्रिया वापरणाऱ्याच्याच संगणकावर करते. फाईल त्यांच्या सर्व्हरवर चढवावी लागत नाही. पीएसडी आणि गिंपची एक्ससीएफ अशा दोन्ही फाईली ते उघडते.

यावरून आमचा निष्कर्ष असा, की डेस्कटॉप की वेब ही सीमारेषा चुकीच्या ठिकाणी आखली गेली आहे. साधन कुठे चालते याला दुय्यम महत्त्व आहे. आधी विचारायचे ते असे: मूळ प्रत कुणाच्या ताब्यात राहते? केलेला बदल दिसतो का, आणि उलटवता येतो का? फाईल ज्या स्वरूपात साठते, ते स्वरूप दुसऱ्या साधनाला उघडता येते का? या तीन प्रश्नांची उत्तरे समाधानकारक असतील, तर वेब अ‍ॅपही चालेल. नसतील, तर महागडे डेस्कटॉप सॉफ्टवेअरही नको.

याला जोडून चौथा प्रश्न आहे, आणि तो नीतीचा आहे. एखादे कुटुंब विश्वासाने आपले दप्तर आपल्यापुढे सोडते. त्यात जमिनीचे वाद, सोयरिकी, देणीघेणी असे सारे काही असते. त्यांनी परवानगी दिलेली असते ती वाचण्याची, फार तर छायाचित्र घेण्याची. ते छायाचित्र दूरच्या कुठल्या तरी सर्व्हरवर चढवण्याची परवानगी त्यांनी दिलेली नसते, कारण ती कुणी मागितलेलीच नसते. सेवेच्या अटींचे पान न वाचता ‘मान्य’ म्हणणारा विद्यार्थी स्वतःच्या नव्हे, त्या घराच्या वतीने मान्य म्हणत असतो. हे त्याला कुणी तरी सांगायला हवे, आणि ते काम मार्गदर्शकाचे आहे.

प्रत्यक्षात काय करावे? आमच्या मते कामाची वाटणी करावी. निमंत्रणे, फलक, भित्तिपत्रके, अंकाच्या मुखपृष्ठाचे कच्चे आराखडे यांसाठी वेब अ‍ॅप खुशाल वापरावे. तेथे वेग आणि सोय यांना किंमत आहे आणि बिघडले तरी पाठ बिघडत नाही. जुन्या कागदांच्या, पोथ्यांच्या आणि दुर्मीळ अंकांच्या प्रतिमांसाठी मात्र गिंपसारखे मुक्त डेस्कटॉप सॉफ्टवेअर विभागाच्या संगणकावर असावे. मूळ स्कॅन टिफ स्वरूपात दोन ठिकाणी ठेवावा आणि त्याला कुणी हात लावू नये. जेपेग प्रत्येक वेळी साठवताना थोडा तपशील गमावते. ते वाचकाला पाठवण्याच्या प्रतीपुरते ठीक आहे. संपादन नेहमी नकलेवर करावे आणि सोबत एक साधी मजकुराची फाईल ठेवावी: कोणते पान, कोणत्या तारखेला, काय बदलले, कुणी बदलले. आपोआप भर घालणारी सोय दस्तऐवजावर वापरूच नये. वापरलीच, तर तसे स्पष्ट नोंदवावे. यांतल्या कशालाही मोठा खर्च नाही. हार्डडिस्क आणि शिस्त एवढेच लागते, आणि दोहोंपैकी दुसरी गोष्ट अधिक दुर्मीळ आहे.

मराठीच्या पदव्युत्तर वर्गात पाठचिकित्सा शिकवताना आपण हस्तलिखितांचे वंशवृक्ष फळ्यावर काढतो, लेखनिकांच्या चुकांचे प्रकार सांगतो आणि विद्यार्थी ते परीक्षेपुरते पाठ करतात. त्याच तासाला १९६२ पूर्वीच्या एखाद्या मासिकाचे एक पान पडद्यावर घ्यावे, ‘डाग काढा’ बटण दाबण्यापूर्वीचे आणि नंतरचे, आणि किती अनुस्वार गळाले ते वर्गाकडून मोजून घ्यावे. पाठभेद कसा जन्माला येतो, हे समजावण्यासाठी याहून सोपा प्रयोग आम्हांला ठाऊक नाही. तो केलेला विद्यार्थी पुढे कोणतेही साधन वापरो, मूळ प्रत बाजूला ठेवल्यावाचून कामाला हात घालणार नाही, अशी आमची खात्री आहे.